एका नेत्रवैद्याची ध्वनिरचना

मराठी मूल ‘चाक’ आणि ‘चहा’ हे दोन शब्द वाचते, तेव्हा एकाच ‘च’चे दोन निराळे उच्चार ते सहज करते. पहिला दंततालव्य, दुसरा तालव्य, हे व्याकरण त्याला पुष्कळ पुढे कळते, आणि पुष्कळदा कळतही नाही. लिपी येथे गप्प राहते आणि घरात कानांवर पडलेली भाषा तिची उणीव भरून काढते. परंतु जी भाषा कोणाच्याच घरात बोलली जात नाही, जी अद्याप कोणा आईच्या तोंडून बाहेर पडलेली नाही, तिच्या बाबतीत असे विसंबून राहता येत नाही. तिचा प्रत्येक ध्वनी आधी ठरवावा लागतो, आणि मग तो कागदावर अशा रीतीने वर्णावा लागतो की वाचणारा पॅरिसचा असो वा मॉस्कोचा, त्याच्या मुखातून सारखाच स्वर निघावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉर्सातील एका गरीब ज्यू डॉक्टराने हे काम अंगावर घेतले. मराठीने एकाच अक्षरात वागवलेल्या ह्या दोन ‘च’कारांना त्याने दोन स्वतंत्र अक्षरे दिली, आणि त्यांपैकी एकाच्या डोक्यावर चढवलेली टोपी पुढे त्याला आयुष्यभर पुरली.

लुडविक लाझारस झामेनहोफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी बियालिस्टोक येथे झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते रशियन झारच्या साम्राज्यात होते. गावात ज्यूंची वस्ती सर्वांत मोठी. त्यांच्या बरोबरीने पोलिश, रशियन, जर्मन आणि बेलारूशी लोक राहत. बाजारात यिद्दिश, कचेरीत रशियन, कारखानदारांच्या घरी जर्मन, चर्चमध्ये पोलिश आणि भोवतालच्या खेड्यांत बेलारूशी बोली, असा तेथील व्यवहार असे. अशा गावांचे कौतुक दुरून फार होते. जवळून त्यांचे स्वरूप निराळे असते. बियालिस्टोकमध्ये माणूस तोंड उघडताच त्याची जात कळे, आणि जात कळली की त्याच्याशी कसे वागायचे हे ठरून जाई. मनुष्य म्हणून माणूस रस्त्यात भेटतच नाही, भेटतात ते पोल, रशियन, जर्मन आणि ज्यू, ही जाणीव ह्या मुलाला फार लवकर झाली. पुढे स्वतःच्या कार्याची हकीकत सांगताना त्यांनी तिचा उगम ह्याच रस्त्यांवर दाखवला आहे.

वडील मार्कुस झामेनहोफ हे भाषाशिक्षक. शिस्तीचे आणि सरकारदरबारी निष्ठा राखून असणारे गृहस्थ. आई रोझालिया धर्मपरायण व हळव्या मनाची. घरात रशियन आणि यिद्दिश, पुढे शाळेत पोलिश, जर्मन, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, आणि परंपरेने आलेली हिब्रू. १८७३ साली कुटुंब वॉर्साला आले. तेथील विद्यालयात लॅटिन आणि ग्रीकचे धडे गिरवीत असताना एखादी मृत भाषाच सर्वांची म्हणून पुनरुज्जीवित करावी, असे ह्या मुलाला काही काळ वाटले. तथापि त्या भाषांच्या रूपावली पाठ करताना जो घाम फुटतो तो त्याने स्वतः पुसला होता. मजुराला आणि शेतकऱ्याला हे झेपणार नाही, हे त्याने ओळखले. नवी भाषाच घडवायची असे ठरले.

ती कशी घडवायची, याविषयीचा त्यांचा पहिला विचार निव्वळ गणिती होता. उच्चारायला सोपे आणि शक्य तितके आखूड असे ध्वनिसमूह ओळीने लिहून काढावेत आणि प्रत्येकाला एकेक अर्थ वाटून द्यावा. अमुक व्यंजनापुढे अमुक स्वर, म्हणजे अमुक वस्तू. कागदावर ही योजना निर्दोष होती. अकरा अक्षरांचा शब्द दोन अक्षरांत बसत होता. अडचण एवढीच की ते शब्द स्वतः कर्त्याच्याही लक्षात राहीनात. ज्या ध्वनीला मागे काही आठवण नाही, तो ध्वनी मनात ठरत नाही, हा धडा त्यांना पुस्तकाने दिला नाही. स्वतःच्या विस्मरणाने दिला. मग युरोपातील भाषांत आधीच रुळलेले धातू घ्यायचे आणि त्यांना प्रत्ययांनी फिरवायचे, ह्या मार्गावर ते आले. प्रत्ययांची शक्ती त्यांच्या ध्यानी आली ती रस्त्यावरच्या पाट्यांवरून: पहारेकऱ्याच्या खोलीवर आणि मिठाईच्या दुकानावर, दोन्हीकडे रशियन शब्दाच्या शेवटी एकच शेपूट होते.

डिसेंबर १८७८ मध्ये शाळेतल्या मित्रांनी केक कापून ह्या भाषेच्या पहिल्या आवृत्तीचा जन्म साजरा केला. मित्र पुढे पांगले. मोठ्यांनी केलेली टिंगल बहुतेकांना सोसवली नाही. लुडविक १८७९ साली वैद्यकाच्या अभ्यासासाठी मॉस्कोला गेला, आणि ह्या खुळापायी मुलाचे शिक्षण बुडेल म्हणून वडिलांनी सर्व वह्या आपल्या ताब्यात ठेवून घेतल्या. परत आल्यावर त्या जाळल्या गेल्याचे कळले, अशी हकीकत सांगितली जाते. सर्व चरित्रकारांना ती मान्य नाही. मात्र १८८१ ते १८८७ ह्या सहा वर्षांत त्यांनी भाषा पुन्हा उभी केली, आणि ती पूर्वीहून पुष्कळ निराळी झाली, याबद्दल वाद नाही.

ही सहा वर्षे त्या भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत. १८८१ साली झारची हत्या झाली आणि रशियात ज्यूंविरुद्ध दंगलींची लाट उसळली. त्याच वर्षीच्या नाताळात ती वॉर्सापर्यंत पोहोचली. तरुण झामेनहोफ काही काळ पॅलेस्टाइनला जाऊन वसण्याच्या ज्यू चळवळीत पडले. त्याच सुमारास त्यांनी यिद्दिशचे व्याकरणही लिहायला घेतले आणि ती भाषा लॅटिन लिपीत कशी लिहावी याचा आराखडा केला. त्या व्याकरणाचा काही भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला; संपूर्ण हस्तलिखित छापले जाण्यास १९८२ साल उजाडावे लागले. ह्या घटनेकडे सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः बोलीतला ध्वनी नेमका पकडून अक्षरात बसवण्याचा सराव त्यांनी केला तो आधी आपल्या आईच्या भाषेवर. जगाच्या भाषेची लिपी त्यानंतर पक्की झाली.

एकीकडे हे चालू असता ते एकटेच त्या भाषेत लिहीत, भाषांतरे करीत, अखेर विचारही करीत. कागदावर सुबक दिसणारे अनेक शब्द मोठ्याने म्हटले की जड लागत. काही कर्कश वाटत, काही ठिकाणी ओळीला लयच येत नसे. असे शब्द त्यांनी टाकले, काही कापले, काही गुळगुळीत केले. भाषा केवळ नियमांनी जिवंत होत नाही, तिला बोलून-बोलून पाझर फुटावा लागतो, हे त्यांना ह्या एकांतात कळून आले. साहजिकच १८८७ सालच्या त्यांच्या पहिल्या पुस्तकात व्याकरण थोडे आणि पद्य, प्रार्थना, पत्र असे नमुने बरेच आहेत.

त्या पुस्तकाच्या प्रकाशनाची कथा रशियन राजवटीला साजेशी आहे. १८८५ साली डॉक्टर होऊन झामेनहोफ यांनी लिथुएनियातील एका लहान गावी दवाखाना काढला, परंतु मरणाच्या दारातील रुग्ण पाहणे त्यांच्या मृदू स्वभावाला झेपेना. तेव्हा नेत्रचिकित्सा शिकून ते वॉर्साला परतले. पुस्तक छापायला प्रकाशक मिळाला नाही. अखेर साबणाच्या एका कारखानदाराची मुलगी क्लारा हिच्याशी विवाह ठरला आणि तिच्या हुंड्यातील काही रक्कम छपाईच्या कामी आली. वधूपक्षाला ही कल्पना पसंत होती, एवढेच नव्हे तर सासऱ्यांनी पुढेही मदत केली, हे नमूद करायला हवे. २६ जुलै १८८७ रोजी सुमारे चाळीस पानांचे ते रशियन पुस्तक बाहेर पडले. त्यावर कर्त्याचे नाव ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा, असे होते. नाव टोपणनाव म्हणून घेतले होते. लोकांनी ते भाषेलाच लावून टाकले. भाषेवरचे आपले सर्व हक्क कर्त्याने त्याच पुस्तकात सोडून दिले होते.

आता त्या भाषेची ध्वनिव्यवस्था पाहू. अठ्ठावीस अक्षरे: पाच स्वर आणि तेवीस व्यंजने. एका अक्षराचा एकच उच्चार, एका ध्वनीसाठी एकच अक्षर, आणि लिहिलेले एकही अक्षर मुके नाही. आघात नेहमी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अवयवावर. नागरी वाचणाऱ्यास ह्यात फारसे नवल वाटणार नाही. इंग्रजी किंवा फ्रेंच वर्णलेखनाच्या जाचातून गेलेल्यास मात्र ही मोठीच सुटका होती. स्वर आ, ए, इ, ओ, उ एवढेच, आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. मराठी माणूस ज्याच्यावाचून एक वाक्यही बोलू शकणार नाही तो आपला ‘अ’ येथे नाही. ख, घ, छ, झ अशी महाप्राण अक्षरे नाहीत. ट, ड, ण ही मूर्धन्य मंडळीही नाहीत. उलट ‘चाक’मधल्या ‘च’ला साधे ‘सी’ हे अक्षर आणि ‘चहा’मधल्या ‘च’ला टोपीवाले ‘सी’, अशी व्यवस्था आहे. ‘जीव’मधल्या ‘ज’साठी टोपीवाले ‘जी’ आहे; पण ‘जगणे’मधला ‘ज’ हवा असेल तर दोन अक्षरे जोडावी लागतात. नवरा ह्या अर्थाचा ‘एद्झो’ हा शब्द असाच लिहिला जातो. टोपीवाली अक्षरे एकंदर पाच, आणि उ-कारावर वाटीसारखी खूण असलेले सहावे.

हा संच आला कोठून? झामेनहोफ यांनी तो सर्व राष्ट्रांसाठी निवडला, यात शंका नाही. पण सर्व राष्ट्रे त्यांनी ऐकली होती ती बियालिस्टोक आणि वॉर्सात. त्यांची व्यंजने पोलिश आणि बेलारूशी व्यंजनांशी विलक्षण जुळतात, आणि आघाताचा नियम तर सरळ पोलिशचाच आहे. ती वाटीची खूण बेलारूशी लिपीत अशाच ध्वनीसाठी वापरली जाते. ‘जाणणे’ ह्या अर्थाचा त्यांचा शब्द ‘स्त्सीइ’ असा आहे आणि विज्ञानाला ‘स्त्सिएन्त्सो’ असे म्हणावे लागते. स्लाव्ह जिभेला ह्या जोडाक्षराचे काही वाटत नाही. इटालियन वा जपानी माणूस तेथे हमखास अडखळतो. सर्वांसाठी म्हणून निवडलेला स्वरही कोणत्या तरी एका गल्लीत प्रथम ऐकलेला असतो. टीकाकारांनी हे पुष्कळ वेळा दाखवले आहे आणि ते खरेही आहे.

तथापि दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि ती क्वचितच सांगितली जाते. ह्या माणसाने स्वतःच्या कानाला प्रिय असे पुष्कळ काही गाळले. रशियन आणि पोलिश भाषांचा प्राण म्हणजे त्यांतील मृदू व्यंजनांची मालिका; ती त्यांनी घेतली नाही. पोलिशचे अनुनासिक स्वर सोडले, रशियनमधला घशात दाबलेला ‘इ’ सोडला. जर्मन आणि फ्रेंचचे ओठ आवळून काढायचे स्वर व इंग्रजीचा जीभ दातांत धरून म्हणायचा ध्वनी, हेही वगळले. आपल्या गावच्या गाळणीतून जग गाळायचे आणि मग त्याच गावाला पुन्हा गाळायचे, असा हा उद्योग होता.

त्यांच्या आधी आठ वर्षे योहान मार्टिन श्लेयर नामक जर्मन कॅथलिक धर्मगुरूने ‘व्होलाप्यूक’ ही भाषा रचली होती. तिच्याशी तुलना केली म्हणजे झामेनहोफ यांच्या निवडीचे मोल समजते. श्लेयर यांनी चिनी लोकांची आणि मुलांची सोय पाहून ‘र’ हा ध्वनी जवळजवळ हद्दपार केला. हेतू उदार होता. परिणाम असा झाला की इंग्रजीतील ‘वर्ल्ड’चे ‘व्होल’ आणि ‘स्पीक’चे ‘प्यूक’ होऊन भाषेचे नाव बनले, आणि अमेरिकेचे ‘मेलोप’ झाले. शब्द ज्याच्याकडून घेतला त्यालाही तो ओळखू येईना. शिवाय जर्मन ओठांचे खास स्वर तिच्यात ठासून भरलेले होते. झामेनहोफ यांनी ‘र’ ठेवला. ‘पात्रो’ म्हणजे पिता, हे युरोपियनाला सांगावे लागत नाही, आणि ‘पितर’ ठाऊक असलेल्या आपल्यालाही फारसे सांगावे लागू नये. व्होलाप्यूकचा बहर दहा वर्षांत ओसरला. न्यूरेंबर्ग येथील तिची मंडळी तर १८८८ सालीच एस्पेरांतोकडे वळली. एस्पेरांतोच्या अनुयायांची नावे-पत्ते देणारी पहिली यादी १८८९ साली निघाली, तेव्हा तीत एक हजार नावे होती.

परंतु टोप्यांनी पिच्छा सोडला नाही. अशा अक्षरांचे खिळे बहुतेक छापखान्यांत नसत. ते मुद्दाम ओतून घ्यावे लागत, आणि तारायंत्राला तर टोपी ठाऊकच नव्हती. जगाची म्हणवणारी भाषा जगातल्या बहुतेक छापखान्यांत जुळवता येऊ नये, हा विनोद विरोधकांनी मनसोक्त वापरला. ज्या छापखान्यांना अडचण असेल त्यांनी टोपीऐवजी पुढे ‘एच’ अक्षर जोडावे, अशी मुभा कर्त्यानेच दिली होती. पण त्याने ‘एक ध्वनी, एक अक्षर’ हे तत्त्वच मोडत होते. तक्रारी वाढल्या तेव्हा १८९४ साली झामेनहोफ यांनी स्वतःच सुधारणांचा एक मसुदा मासिकात मांडला. टोपीवाली अक्षरे जाणार, आणखीही बरेच बदलणार होते. मग त्यांनी तो मासिकाच्या वर्गणीदारांच्या मताला टाकला. बहुमत बदलाविरुद्ध पडले आणि त्यांनी ते स्वीकारले. भाषेच्या कर्त्याने आपल्याच भाषेविषयी मत मागावे, ते हरावे आणि मुकाट्याने जुन्या अक्षरांत लिहू लागावे, असे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. पुढच्याच वर्षी टॉलस्टॉय यांचे लिखाण छापल्यामुळे त्या मासिकाला रशियात बंदी झाली. बहुतेक वर्गणीदार रशियातच असल्याने ते बुडाले.

उपजीविकेचे हाल तर चालूच होते. वॉर्सात जमेना म्हणून ते खेरसोनला गेले, मग ग्रोद्नोला, आणि शतक संपता संपता वॉर्सात द्झिका ह्या ज्यू वस्तीतील रस्त्यावर स्थिरावले. रोगी बहुतांशी गरीब, फी नाममात्र. दिवसा डोळे तपासायचे आणि रात्री पत्रांना उत्तरे द्यायची, असा क्रम. त्याच रात्रींत शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ त्यांनी एस्पेरांतोत आणले; ते १८९४ साली प्रसिद्ध झाले. हॅम्लेटची स्वगते जी भाषा पेलते ती फक्त व्यापारी पत्रव्यवहाराची भाषा नव्हे, हे त्यांना दाखवायचे होते.

खरी कसोटी लागली १९०५ च्या ऑगस्टमध्ये. तोवर ही भाषा प्रामुख्याने कागदावर होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन्य येथे पहिले जागतिक संमेलन भरले आणि वीस देशांतील ६८८ माणसे एकत्र आली. इंग्रज, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश हे सारे एकच अक्षर आपापल्या जिभेने म्हणणार. ते एकमेकांना कळेल काय, ही धास्ती कर्त्यालाही असावी. कारण उच्चार शिकवला होता तो ध्वनिमुद्रिकेवरून नव्हे, केवळ तुलनेने. त्याच वर्षी निघालेल्या ‘फुंदामेंतो’ ह्या पायाभूत ग्रंथात वर्णमाला पाच भाषांतून समजावली आहे, आणि प्रत्येक भाषेत उदाहरणे निराळी आहेत. घशातून घासत येणारा ‘ख’ इंग्रजांना स्कॉटिश शब्दावरून दाखवायचा, पोलिश माणसाला त्याच्या घरच्याच अक्षरावरून. म्हणजे एका ध्वनीची पाच वर्णने, आणि प्रत्येकाने आपल्या कानाने तो गाठायचा. बुलोन्यला तो गाठला गेला. निरनिराळ्या देशांतील नटांनी मोलिएरचे एक प्रहसन ह्या भाषेत केले आणि प्रेक्षक योग्य जागी हसले. ‘फुंदामेंतो’ कोणीही, स्वतः कर्त्यानेही, बदलू नये असे त्या संमेलनात ठरले.

उच्चाराच्या बाबतीत हा माणूस कर्मठ नव्हता, हे विशेष. ‘माझा’ ह्या अर्थाचा ‘मिआ’ हा शब्द काटेकोरपणे ‘मि-आ’ असा तोडून म्हणावा, की मध्ये ‘य’ची झुळूक येऊन ‘मिया’ झाला तर चालेल, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. तत्त्वतः पहिला उच्चार शुद्ध, पण सहज बोलण्यात दुसरा येणारच आणि तो येऊ द्यावा, असा त्यांचा कौल होता. घशातल्या त्या ‘ख’चेही असेच झाले. बोलणाऱ्यांना तो जड वाटू लागला आणि ‘ख़ेमिओ’ म्हणजे रसायनशास्त्र हळूहळू ‘केमिओ’ झाले. त्यासाठी कोणी फतवा काढला नाही. नियम लवचिक असावेत की कठोर, ह्या वादात आपल्याकडील शुद्धलेखन-महामंडळांनीही ह्या उदाहरणाकडे पाहण्यास हरकत नाही.

पॅरिसचे एमिल झावाल हे त्यांचे थोर हितचिंतक. स्वतः नामांकित नेत्रतज्ज्ञ, वाचताना डोळा कसा फिरतो ह्या विषयाचे आद्य अभ्यासक, आणि दैवदुर्विलास असा की काचबिंदूने अंध झालेले. अक्षरांवरील टोप्या वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्रास देतात, त्या काढाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. एका नेत्रवैद्याने दुसऱ्या नेत्रवैद्याला घातलेली ही गळ झामेनहोफ यांना सहज झुगारता येण्याजोगी नव्हती. ते डळमळले होते. अखेर निर्णय भाषकांचा, ह्या भूमिकेवर ते परतले.

१९०७ साली पॅरिसमध्ये विद्वानांची एक समिती आंतरराष्ट्रीय भाषा निवडण्यासाठी बसली. एस्पेरांतोची बाजू मांडण्यासाठी लुई द बोफ्रों ह्या फ्रेंच गृहस्थाची निवड झाली होती. समितीपुढे ‘इदो’ ह्या टोपणनावाने सुधारित भाषेचा एक निनावी मसुदा आला: टोप्या नाहीत, आघाताचे नियमही काही ठिकाणी बदललेले. त्या मसुद्यामागे बोफ्रों हेच होते असे पुढे उघड झाले. वकिलानेच प्रतिपक्षाचे कागद लिहून द्यावेत असा हा प्रकार होता. चळवळीतील अनेक मान्यवर ‘इदो’कडे गेले. पण एकदा सुधारणेची गोडी लागलेल्यांना थांबायचे कोठे हे कळले नाही, आणि इदोमध्ये बदलांवर बदल सुचवले जाऊ लागले. सामान्य अनुयायी जुन्या टोपीवाल्या अक्षरांपाशीच राहिले. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने त्यांची बाजू पक्की होती असे म्हणता येणार नाही. मात्र शिकलेले पुन्हा पुन्हा विसरायला लावणारी भाषा कोणी शिकत नाही, एवढे त्यांना कळत होते.

झामेनहोफ यांना ह्या साऱ्याहून वेगळेच दुःख होते. जून १९०६ मध्ये त्यांच्या जन्मगावी, बियालिस्टोकमध्ये, ज्यूंची कत्तल झाली. ऐंशीवर माणसे मारली गेली. त्या वर्षीच्या जिनिव्हा संमेलनात त्यांनी त्या रस्त्यांविषयी सांगितले. भाषा हे केवळ सोयीचे साधन आहे असे म्हणणाऱ्या, विशेषतः फ्रेंच, पुढाऱ्यांना त्यांचे हे बोलणे रुचत नसे. सर्व धर्म आणि वंश यांच्यापलीकडचा एक मानवधर्म त्यांनी मांडला, त्याचीही अनेकांना अडचण वाटली. १९१२ साली क्राकोच्या संमेलनात त्यांनी नेतृत्वाचा अधिकृतपणे त्याग केला. १९१४ च्या पॅरिस संमेलनासाठी ते पत्नीसह निघाले असता कोलोनला युद्धाने वाट अडवली आणि स्कँडिनेव्हियाचा लांबचा वळसा घेऊन त्यांना घरी परतावे लागले. १४ एप्रिल १९१७ रोजी, जर्मन सैन्याच्या ताब्यातील वॉर्सात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे भाषा चालू राहिली, ती त्याच अठ्ठावीस अक्षरांनी. ‘र’ आणि ‘ल’ यांत जेथे भेद करीत नाहीत त्या जपानमध्ये १९०६ पासूनच तिची संघटना होती. भूदानाच्या पदयात्रेच्या काळात विनोबा भावे यांनी ती शिकून घेतली. सर्व भारतीय भाषांना नागरी लिपी असावी असे म्हणणाऱ्या विनोबांना तिचे सरळ लेखन परके वाटले नसावे. टोप्यांचा प्रश्न संगणकाच्या नव्या अक्षरसंकेतांनी निकालात काढला. ज्या खिळ्यांसाठी छापखाने नाके मुरडत होते ती अक्षरे आता बोटाच्या एका स्पर्शाने उमटतात.

झामेनहोफ यांची तिन्ही मुले नाझींच्या हातून मारली गेली. मुलगा अ‍ॅडम, तोही नेत्रवैद्य, १९४० साली गोळ्या घालून ठार झाला. मुली झोफिया आणि लिडिया १९४२ साली ट्रेब्लिंकाच्या छावणीत संपल्या. लिडियाने युरोपभर आणि अमेरिकेत हिंडून एस्पेरांतोचे वर्ग घेतले होते. वॉर्साच्या घेट्टोतून ज्यूंना आगगाड्यांकडे नेण्यात आले ते ज्या रस्त्याने, तो द्झिका रस्त्याचाच एक भाग, आणि त्याला तोवर झामेनहोफ यांचे नाव देण्यात आले होते. अ‍ॅडमचा मुलगा लुई-क्रिस्तोफ तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो तेथून निसटला, पुढे फ्रान्समध्ये अभियंता झाला, आणि म्हातारपणीही जागतिक संमेलनांत उभा राहून आजोबांच्या भाषेत बोलत असे. २०१९ साली तो वारला.